‘स्वमग्न’ या शब्दाने होणारी दिशाभूल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक स्वमग्नता दिनानिमित्त २ एप्रिलला आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. लेखकाची कळकळ जाणवली, परंतु ‘या मुलांना दुसऱ्याच्या सुखदुःखाची जाणीव नसते’ हे त्यातील वाक्य मला मान्य नाही. मी शहापूर भागात राहणारा निवृत्त शिक्षक असून माझा ११ वर्षांचा नातू स्वमग्न आहे.

दोष काही अंशी शब्दाचाही आहे. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’. त्यावरून ऑटिझम आणि त्यावरून आपण ‘स्वमग्न’ केले. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्या निबंधाच्या शीर्षकातच भावनिक संपर्कातील बिघाडाचा उल्लेख होता. एखाद्याला ‘स्वतःत मग्न’ म्हटले की त्याला इतरांचे काही सोयरसुतक नाही, हे आपण न विचारताच धरून चालतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दोन मुलांत खानापूरकडच्या भातशेतीच्या वाटणीची बोलणी सुरू होती. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून सगळे हळू आवाजात चालले होते. थोरला तर मधूनमधून हसतही होता. नातू आतल्या खोलीत बाटल्यांची झाकणे रंगाप्रमाणे मांडत बसला होता. तो अचानक उठला, दाराबाहेरच्या काकाच्या चपला उचलून सोप्यात घेऊन आला आणि काकाला नुसता पाय सरकवता यावा अशा बेताने, टाचा त्याच्याकडे करून, जोडीने समोर ठेवल्या. थोरल्या सुनेने मुलाचे संस्कार काढले, थोरला त्याच चपला घालून निघून गेला. त्या रात्री नातू जेवला नाही. घरात कसलाही आवाज नसताना तो उशिरापर्यंत दोन्ही कान दाबून बसून होता. आम्ही मोठी माणसे जे तोंडाने बोलत नव्हतो, ते त्याच्यापर्यंत पोहोचले होते, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे चेहऱ्यावरून किंवा बोलण्यावरून ओळखणे आणि त्याच्या भावनेने आपण स्वतः हलून जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक स्वमग्न व्यक्तींना पहिली अवघड जाते. दुसरी मात्र त्यांच्यात कमी असतेच असे नाही, आणि आजूबाजूचा ताण आपल्याला सोसवत नाही, असे सांगणारे स्वमग्न प्रौढ पुष्कळ आहेत. शिवाय स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण निम्म्यांना आपल्याला नेमके काय वाटते आहे त्याला नाव देता येत नाही. अशा वेळी दुसऱ्याचे दुःख आत पोहोचले तरी ते रडण्यातून किंवा चार शब्दांतून बाहेर न पडता पोटदुखी, उलटी, येरझाऱ्या अशा रूपात दिसते आणि आपण त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो. सगळी स्वमग्न मुले माझ्या नातवासारखी असतात, असा माझा दावा नाही.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले की, ही न समजण्याची अडचण दुहेरी आहे. आपल्यालाही त्यांचे मन वाचता येत नाही. सीमाभागातल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. कन्नड बोलणाऱ्याचे म्हणणे मराठी माणसाला कळले नाही, तर दोघांपैकी एकाला ऐकू येत नाही असे आपण म्हणत नाही. (भाषेवरून आपण एकमेकांना बाकी बरेच काही म्हणतो, ते असो.)

मिरवणुकीतल्या डॉल्बीचा या मुलांना त्रास होतो, एवढे आता लोकांना पटू लागले आहे. पण शाळेत, दवाखान्यात, लग्नघरात मूल शेजारी उभे असताना ‘याला काय कळतंय’ म्हणून त्याच्याच देखत त्याच्या भवितव्याची चर्चा सर्रास चालते, आईला तिथेच रडू कोसळते आणि मग मूल ‘विनाकारण’ बिथरले म्हणून तक्रार होते. निदान शिक्षकांनी असे बोलणे बाहेर व्हरांड्यात नेऊन करावे.

आमच्या घरच्या वाटणीची उरलेली बोलणी आता आम्ही थोरल्याच्या घरी करतो. त्या एका वाक्याबद्दल आपण चार ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती. आपला अंक नातवाच्या शाळेतही शिक्षकांच्या खोलीत येतो.

आपला,
एक आजोबा
शहापूर, बेळगाव