आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: बर्फाच्या पेटीच्या आधीचं बघा

मा. प्रकाश आबिटकर साहेब,

नमस्कार. तुम्ही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याचे, म्हणून सरळच लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचा हायवेला ॲक्सिडेंट झाला, डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड आहे, आणि मावशीनं स्वतःहून सांगितलं की त्याचं जे कुणाच्या उपयोगी पडेल ते द्या. पण त्या हॉस्पिटलात फोन कुणाला लावायचा हेच कुणाला माहीत नव्हतं, रात्रभर बीपी पडत गेलं आणि पहाटे हार्ट थांबलं. डोळे तेवढे देता आले, किडन्या, लिव्हर सगळं गेलं. मावशी अजून म्हणते, मी हो म्हटलं होतं की रे.

त्यानंतर मी यातलं बरंच वाचलं. अवयव जपणं म्हणजे बर्फाची पेटी असं आपल्याला वाटतं, पण खरं काम आयसीयूतच सुरू होतं. मेंदू गेला की बीपी, सोडियम, अंगातली ऊब सगळं ढासळतं, आणि ब्रेन डेडच्या दोन टेस्टमध्ये कमीत कमी 6 तास जावे लागतात, तोवर कुणीतरी उशाशी बसून हे सांभाळायला लागतं. मग गार सोल्यूशननं आतलं रक्त धुऊन काढायचं, अवयव पिशवीत पिशवी करून साधारण 4 डिग्रीला ठेवायचा, थेट बर्फ लागला तर तो गोठून खराब होतो. एवढं करूनही हार्टला 4 ते 6 तास, लिव्हरला 12 च्या आसपास, किडनीला 24 ते 36. पुणं इथनं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं, म्हणजे किडनी रस्त्यानं आरामात पोचते, हार्टला मात्र उजळाईवाडीच्या विमानतळावरनं विमानच पाहिजे.

साहेब, गावागावातलं दूध गार होऊन रोज मुंबईला न नासता पोचतं, हे आपल्या जिल्ह्यानं करून दाखवलंय. तसंच इथं करा. आयसीयू असलेल्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलला रिट्रीव्हल सेंटर, म्हणजे दात्याचे अवयव काढून घ्यायचं केंद्र, म्हणून रजिस्टर करायला लावा, तिथं सोल्यूशनचा स्टॉक ठेवा, आणि पुण्याच्या झेडटीसीसीला, म्हणजे कुठला अवयव कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या विभागीय समितीला, रात्री दोन वाजता पण फोन लावेल असा ट्रेनिंग घेतलेला कोऑर्डिनेटर द्या. किडनीत गार सोल्यूशन फिरवत ठेवणारं पंप मशीन महाग आहे, ते नंतर आलं तरी चालेल, आधी माणूस द्या.

मावशी माझ्यासोबत तुम्हाला भेटायला तयार आहे. वेळ कळवा.

राजारामपुरीतला एक रहिवासी