चाचा, पेटी नवी न केल्याबद्दल आभार

चाचा, सलाम.

हे पत्र मी गॅरेजवर येऊन तुम्हाला वाचून दाखवणारच आहे. तरी सगळ्यांसमोर लिहायचं ठरवलं, कारण घरी येणारा प्रत्येक जण आमची बाटल्या गार करायची जुनी बर्फाची पेटी बघून विचारतो, "कुठं करून घेतली?" आणि नुसतं "मिरजेत" म्हणून मला समाधान होत नाही. तुम्ही काय केलंत त्याहून काय केलं नाहीत ते मोठं आहे, आणि ते दोन वाक्यांत सांगता येत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मिरज स्टेशनसमोर आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, थंड पेयांचं दुकान होतं. १९७१ साली पुणे-मिरज लाइन ब्रॉडगेज झाली, बेळगाव-बंगळूरकडची मीटरगेजच राहिली, आणि पंढरपूर-लातूरकडची बार्शी लाइट तर नॅरोगेज. तीन मापांचे रूळ एका गावात. त्यामुळे माणसं इथं उतरायची, सामान घेऊन दुसऱ्या गाडीची वाट बघत बसायची आणि तहानेली असायची. अण्णांचं दुकान त्या तहानेवर चाललं. दुकानाच्या दारातच ही पत्र्याची पेटी. सकाळी बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लावलेली लादी यायची. अण्णा टोच्यानं ती फोडायचे, पेटीत पाणी ओतायचे, वर बर्फ आणि मधे बाटल्या गळ्यापर्यंत उभ्या.

मी पुढं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि सुप्त उष्णतेचा धडा आला की हीच पेटी सांगायचे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढ्यात चार लिटर पाणी २० अंशांवरून शून्यावर येतं. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत बाटली ठेवली तर ती चार ठिकाणी टेकते. बर्फाच्या पाण्यात ठेवली तर पाणी तिला सगळीकडून धरतं. अण्णांना आकडे ठाऊक नव्हते, पण पाणी कमी झालं की ते लगेच ओरडायचे.

अण्णा गेल्यावर दुकानाची मागची खोली रिकामी करायची वेळ आली. पेटी तिथंच, निळ्या रंगाची, आत रद्दी. धाकट्या भावाचं म्हणणं, भंगारात द्या. भाचीनं मोबाइलवर चकचकीत लाल पेट्यांचे फोटो दाखवले, आणि चाचा, मी त्या फोटोंच्या पूर्ण आहारी गेले. लालभडक रंग, पांढरी शुभ्र अक्षरं, आत कंप्रेसर. एका वर्कशॉपमध्ये बोलणंही झालं. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा करून सगळा रंग उडवायचा, वर पावडर कोटिंग, आठ दिवसांत पेटी कोरी करकरीत. निम्मे पैसे आगाऊ द्यायला मी तयार होते. टेम्पोत चढवताना झाकणाची बिजागरी तुटली, म्हणून वाटेत तुमच्याकडे थांबलो. पाच मिनिटांचं वेल्डिंगचं काम होतं.

तुम्ही वेल्डिंगचं काही बोललाच नाहीत. पेटीभोवती एक फेरी मारलीत, खाली वाकून तळाला बोट लावलंत आणि विचारलंत, "ताई, कुठल्या सालातली पाहिजे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तुम्ही पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर घेऊन मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा हळूहळू घासलीत. वर निळा, त्याखाली नारिंगी, त्याखाली गडद लाल, मग राखाडी प्रायमर आणि मधोमध चमकणारा पत्रा. त्या नारिंगीवर नजर गेली आणि मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसले.

तो नारिंगी मी विसरले होते. लाल रंग कोका-कोलाचा, साठच्या दशकातला. १९७७ साली कंपनी भारत सोडून गेली. परकीय चलनाच्या कायद्याखाली भांडवलातला परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, आणि कंपनीनं त्यापेक्षा जाणं पसंत केलं. सरकारनं स्वतःचा 'डबल सेव्हन' कोला काढला, पार्लेनं त्याच वर्षी थम्स अप आणलं. अण्णांच्या दुकानात मात्र सगळ्यात जास्त खपायचं ते पार्लेचंच संत्र्याच्या चवीचं गोल्ड स्पॉट. त्यांनी गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून अख्खी पेटी नारिंगी करून घेतली आणि पुढं मराठीत 'गोल्ड स्पॉट' लिहून घेतलं. पण खालची इंग्रजी अक्षरं पत्र्यातच ठोकलेली होती, ती रंगानं थोडीच जाणार? तिरपं ऊन पडलं की नारिंगीच्या आतून ती वर यायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पण माझी पहिली इंग्रजी अक्षरं मी त्या पेटीवर बोट फिरवून शिकले. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली, गोल्ड स्पॉटसकट पार्लेची ही पेयं तिनं विकत घेतली आणि पुढं गोल्ड स्पॉट बाजारातून गेलंच. तोवर दुकानात फ्रिज आला होता. पेटी धान्य ठेवायला दुकानाच्या मागच्या खोलीत गेली आणि अण्णांनी उरलेल्या निळ्या ऑइलपेंटचा हात मारला.

हे सगळं मी तुम्हाला त्या स्टुलावर बसून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग वाळूच्या माऱ्यात काय होईल ते सांगितलंत. पातळ पत्र्यावर वाळू जोरात मारली की पत्रा ताणतो, त्याला पोट येतं, ते पुन्हा बसत नाही. खालचा लाल हा कारखान्यात भट्टीत भाजलेला, तो एकदा उडाला की कुठल्याही दुकानात मिळत नाही. शेवटी आपल्या मिरजेच्या सतारमेकरांचं उदाहरण दिलंत. जुना तंबोरा आला की ते तारा बदलतात, जवारी काढतात (घोडी घासून नाद खुलवतात), भोपळ्याला तडा असेल तर सांधतात, पण भोपळा बदलून देत नाहीत. मिरजेत जन्मलेल्या माणसाला याच्यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. मी टेम्पोवाल्याला पैसे देऊन परत पाठवलं.

पुढचा दीड महिना मी जवळजवळ रोज येऊन बसले. आता नीट आठवत जाते, कारण दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

निळा रंग हातानं मारलेला, म्हणून थिनरला तो मऊ पडायचा. तुम्ही कापूस भिजवून वीतभर जागेवर दाबून धरायचात, आणि निळा फुगला की जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं अलगद खरवडून काढायचात. पत्ती किंवा ब्रश लावू दिला नाहीत. नारिंगीही हातचाच रंग, तो निघायला लागायच्या आत थांबायचं, हे सगळं बोटाच्या अंदाजावर. पुढची बाजू आणि एक कड एवढ्यालाच अकरा दिवस गेले. कोरडं घासणं तुमच्या गॅरेजात बंदच होतं. जुन्या रंगात शिसं असतं, धूळ छातीत जाते, म्हणून जे घासायचं ते ओलं, तोंडाला मास्क, आणि निघालेला गाळ गटारात न सोडता कागदात गुंडाळून वेगळा ठेवलेला. नातवाला पेटी दाखवायला आणते म्हटलं तर तुम्ही सरळ नाही म्हणालात. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगाबद्दल सावध राहायला हवं. तुम्ही तर म्हणालात की उस्तादांच्या काळापासून तुम्ही ओलंच घासता.

तळ उघडला तो दिवस वाईट होता. बाहेरचा पत्रा आणि आतली जस्ताची टाकी यांच्यामधल्या जागेत लाकडाचा भुसा भरलेला होता, थंडावा टिकायला. इतक्या वर्षांचं पाझरलेलं पाणी पिऊन त्याचा काळा चिखल झाला होता, आणि त्याला टेकलेला खालचा चार इंच पत्रा हात लावला की पापडासारखा मोडत होता. मी रडवेली झाले होते. तुम्ही म्हणालात, "एवढंच गेलंय." तेवढी पट्टी कापून नवा पत्रा जोडलात, आणि पाणी पुन्हा साचू नये म्हणून तळाला चार बारीक भोकं पाडलीत. आतल्या टाकीला दोन ठिकाणी सुईएवढी छिद्रं होती. तिथं मात्र वेल्डिंग नाही, कारण जस्त जळालं की त्याच्या धुरानं माणसाला ताप भरतो. कथलाचा डाग देऊन ती झाळलीत. मधल्या जागेत भुशाऐवजी थर्माकोल. तोही अगदी शेवटी, रंगकाम वाळल्यावर, कारण थिनरचा थेंब पडला तरी थर्माकोल विरघळतो.

नव्या पट्टीच्या रंगाची गोष्ट मला सगळ्यांना सांगायची आहे. तुमच्या हाताला नारिंगी हुबेहूब जुळवता आला असता. तीन वाट्यांत तीन छटा मिसळून दाखवल्यात, त्यातली एक इतकी तंतोतंत की जोड दिसेना. आणि तुम्ही मुद्दाम तिच्या शेजारची, किंचित फिकी छटा घेतलीत. लांबून एकच रंग दिसतो. "जवळ आलं की कळलं पाहिजे, हे अण्णांचं आणि हे माझं." मोठ्या संग्रहालयांत जुन्या वस्तूंची डागडुजी करणारे लोकही हाच नियम पाळतात.

कंप्रेसरचा माझा हट्ट मात्र शेवटपर्यंत होता, त्याबद्दल माफ करा. नळ्यांसाठी टाकीला भोकं, कमकुवत तळावर कंप्रेसरचं वजन, आणि ओल्या लोखंडी पेटीत विजेची वायर. तुम्ही तिन्ही गोष्टी मोजून सांगितल्यात आणि म्हणालात, बाटल्या गार पाहिजेत तर फ्रिज घ्या, ही बर्फाची पेटी आहे. तुमचा फ्रिज दुरुस्त करणारा पुतण्या तेव्हा तिथंच होता. ज्यांच्याकडे विजेवर चालणारी जुनी यंत्रं आहेत त्यांच्यासाठी त्याचं सांगणं इथं देते. अशा यंत्रात बहुधा आर-१२ गॅस असतो, तो ओझोनच्या थराला खातो, म्हणून हवेत सोडायचा नाही. त्याच्या जागी १३४-ए हा दुसरा गॅस नुसता भरूनही चालत नाही, कारण त्याला कंप्रेसरमधलं तेल वेगळं लागतं. यंत्र मूळ अवस्थेत चांगलं असेल तर आधी जाणकार मेकॅनिकला दाखवावं, परस्पर उघडू नये.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ती. झाकणाची आतली बाजू.

तिथं कुणीच कधी रंग मारला नव्हता. मूळचा पांढरट लेप पिवळा पडलेला, आणि त्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या, अशा कितीतरी ओळी. एका ओळीपुढं 'कमी २' असं कोरलेलं. रिकाम्या बाटल्यांची खोकी परत जायची, त्यांचा हिशेब. मला ते खराब दिसत होतं. "निदान आतून तरी पांढरं करून द्या," मी दोनदा म्हटलं, आठवतं ना? तुम्ही दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलंत. तिसऱ्यांदा म्हणालात, "ताई, कुणीतरी लिहिलंय." आणि साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून त्यावर फक्त मेणाचा हात फिरवलात.

पेटी घरी आली त्या संध्याकाळी आईला व्हरांड्यात आणून बसवलं. तिला आता ८२ वर्षं पूर्ण झालीत, कमी दिसतं. नारिंगी बघून ती हसली. मग मी झाकण उघडलं आणि म्हटलं, बघ, अण्णांचा हिशेब. तिनं हात पुढं केला, रेघांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "त्यांचा कुठला? माझा आहे."

दुपारी दोन ते चार अण्णा जेवून पडायचे तेव्हा दुकानात ती बसायची, हे आम्हाला माहीत होतं. पण खोकी मोजायची ती, ट्रकवाल्याशी भांडायची ती, बाटल्या परत न आणून देणाऱ्यांची नावं लक्षात ठेवायची ती, हे आम्हा चारही भावंडांना कधी कळलंच नव्हतं. वही अण्णांची, गल्ला अण्णांचा, म्हणून तिनं मोजदाद झाकणाच्या आत केली. त्या रात्री ती दहा वाजेपर्यंत बोलत होती. 'कमी २' म्हणजे बंगळूरच्या गाडीत चढलेली एक बाई, कडेवर मूल, दोन बाटल्या हातात, आणि गाडी सुटली. आईनं त्यांचे पैसे स्वतःच्या भाजीच्या पैशांतून भरले होते.

चाचा, मी तिथं पांढरा रंग मारायला सांगत होते. एकदा नाही, तीनदा. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते मला खरंच सुचत नाही.

तुम्ही घेतलेली मजुरी त्या वर्कशॉपनं सांगितलेल्या रकमेच्या निम्मीही नव्हती. वर देऊ केलेले पैसे तुम्ही परत केलेत, म्हणून आईनं तुमच्या घरासाठी पुरणपोळ्या दिल्यात, त्या पत्रासोबत आणते. बाटली उघडायच्या खटक्याचा चौथा स्क्रू तुमच्याकडे डबीत राहिलाय, तो शोधून ठेवा. आणि टाकीचा डावीकडचा डाग परवा बर्फ भरला तेव्हा किंचित पाझरला, अर्ध्या तासात दोन थेंब. घाई नाही, पण पावसाआधी एकदा बघून घ्या. तुम्ही घरीच या. आई म्हणते, त्यांना झाकण मीच उघडून दाखवणार.

तुमची,
स्टेशनसमोरच्या अण्णांची, आणि आता सांगायला हवं, आईची मुलगी