पुणेकरांचा विनाथांबा प्रवास बोरघाटात थांबतो : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेतल्या मुलीकडून परतलो. पत्नीचे वय सहासष्ट. वाटेत विमान बदलण्याची दगदग नको, म्हणून अडतीस हजार रुपये जास्त मोजून आम्ही मुंबईपर्यंतचे विनाथांबा तिकीट काढले. पंधरा तासांनी उतरताना तिच्या सुजलेल्या पायांत चप्पल शिरेना. ती पायमोज्यांवरच व्हीलचेअरमध्ये बसली. पुढे बोरघाटात कंटेनर उलटलेला होता. साडेतीन तास गाडी जागची हलली नाही आणि ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन, खिडकीला डोके टेकून, एक शब्दही न बोलता बसून होती. कोथरूडला घराचे कुलूप उघडले, तेव्हा मुंबईत उतरून नऊ तास झाले होते.

अतिदीर्घ उड्डाणांचा अभिमान बाळगण्यापूर्वी त्यांचा हिशोब तपासावा. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३०० किलोमीटरचे अंतर एका दमात कापायचे, तर शेवटच्या तासांचे इंधन पहिल्या तासापासून वाहावे लागते आणि ते वाहण्यासाठीच आणखी इंधन जळते. त्या विमानात आसने आहेत फक्त १६१ आणि इकॉनॉमी वर्ग नाहीच. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्यावर दिल्लीहून अमेरिकेला निघालेली काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. म्हणजे थांबा आलाच, पण प्रवाशाने न निवडलेला. त्यापेक्षा आखातात दोन-तीन तास पाय मोकळे करता येणारा थांबा म्हाताऱ्या माणसाला कितीतरी बरा, कारण तासन् तास सलग बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी जेमतेम अडीच हजार मीटरची आणि हवाई दलाच्या ताब्यातली. तिथून थेट अमेरिका आम्ही मागतच नाही. परंतु आखातात तीन-साडेतीन तासांत पोचणारे लहान विमान तिथून सहज उडते. त्याला पुढच्या विमानाची सोयीची जोडणी हवी, एकच तिकीट हवे आणि लोहगावला सोपवलेले सामान थेट मुक्कामी मिळायला हवे. परदेशी कंपन्यांना कोणत्या शहरातून किती आसने द्यायची, हे दोन देशांमधल्या द्विपक्षीय करारांत सरकारच ठरवते. मग पुण्याचा विचार मुंबईनंतर का?

पुण्यासाठीच्या पुरंदरच्या नव्या विमानतळाची घोषणा २०१६ साली झाली, तेव्हा आमची मुलगी पुण्यातच शिकत होती. ती परदेशी स्थायिक झाली, तरी पुरंदरला धावपट्टी नाही. ज्या सात गावांच्या जमिनी जायच्या, ते शेतकरी आणि आम्ही प्रवासी, दोघेही दहा वर्षे अधांतरी आहोत. संरक्षण खाते, आपले खाते आणि राज्य सरकार यांच्यात फाइल फिरत राहते आणि उत्तर द्यायला कोणीच बांधील नसते, याची मला मनापासून चीड येते.

फेब्रुवारीत मुलीचे बाळंतपण आहे. मी तारखा पाहू लागलो, तर पत्नी म्हणाली, "तुम्ही एकटेच जाऊन या." तोपर्यंत लोहगावहून काय सुरू होणार आहे, ते तारखेसह कळवावे.

आपला,
कोथरूड येथील एक निवृत्त शिक्षक