पोल्ट्री शेडसाठी म्हणून विकलेल्या डस्ट मीटरबद्दल तक्रार

कस्टमर केअर टीम,

नमस्कार. मी सत्तरीतनं लिहितोय, आमची ब्रॉयलरची पोल्ट्री आहे. तुमच्या माणसानं हा डस्ट मीटर "पोल्ट्री शेडसाठी खास" म्हणून आम्हाला विकला, स्वतः बसवून दिला आणि सांगून गेला की हिरवी लाईट असली की हवा चांगली, मास्क नाही घातला तरी चालेल.

आमची वहिनी शेडमधलं लिटर, म्हणजे पक्ष्यांखाली पसरलेला तुसाचा थर, उलटवते, ती त्या लाईटवर विश्वास ठेवून मास्क न लावता काम करायला लागली. भाताचा तूस, सुकलेली विष्ठा, पिसांचा चुरा, मॅश खाद्याचं पीठ सगळं एकदम वर उडतं, समोरचा माणूस धड दिसत नाही, आणि मीटर हिरवाच! आता तिला संध्याकाळी छाती आवळल्यासारखी होते, खोकला थांबत नाही, डॉक्टरनी धुळीत जायचंच नाही म्हणून सांगितलंय. उलट पावसात पहाटे पक्षी शांत बसलेले असतात तेव्हा हाच मीटर लाल होऊन बोंबलतो, कारण आतला लेझर धुक्याचे थेंबसुद्धा धूळ म्हणूनच धरतो.

तुमचा टेक्निशियन फोनवर म्हणतो सेन्सर ओके आहे. बिघडलेला नसेलही, पण तो पीएम २.५ चा आहे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ मोजणारा, घरात-ऑफिसात लावायचा. शेडमधली धूळ वजनानं बघितली तर बरीचशी त्याच्यापेक्षा जाड असते, आणि तिला चिकटून जंतूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष श्वासातनं आत जातं, त्याचाच छातीला त्रास होतो. पोल्ट्री कामगारांसाठी अभ्यासकांनी सुचवलेली हद्द घनमीटरला एकूण २.४ मिलिग्रॅम, म्हणजे २४०० मायक्रोग्रॅम. तुमच्याच माहितीपत्रकात मीटरची रेंज ९९९ मायक्रोग्रॅमपर्यंत. मग हद्द ओलांडली हे तो दाखवणार कसं? एवढं तरी विकण्याअगोदर बघायचं होतं हो, माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे.

मला बदली मीटर नको, पूर्ण पैसे चवथीअगोदर परत पाहिजेत. जाहिरातीतलं "पोल्ट्रीसाठी" काढा, आणि ज्यांना ज्यांना हा मीटर विकलाय त्या सगळ्यांना आधी फोन करून सांगा की हिरव्या लाईटवर मास्क काढू नका, हे पैशांपेक्षा अर्जंट आहे. उत्तर आलं नाही तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली इथंच उत्तर गोव्याच्या जिल्हा आयोगात केस टाकणार. बिल आणि मीटरचे फोटो सोबत जोडलेत.

तुमचा ग्राहक,
सत्तरी, गोवा