रंगाची रेघ कधी मोडते, हे मुलांना मोजू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या शाळकरी मुलाला द्रवप्रवाहावरच्या संशोधनासाठी पारितोषिक मिळाल्याची बातमी आली, की ‘आपल्या शाळांत कुठे असते तेवढी सोय’ असे म्हणून आपण पान उलटतो. संथ प्रवाह कधी खळबळू लागतो, हे दाखवणारा या विषयातला मूळ प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून केला. तो वाशीम-यवतमाळकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत होऊ शकतो.

आतून १२ मिमी व्यासाची पारदर्शक नळी दोन मीटर घ्या, बाकावर सरळ बांधा आणि बादलीच्या तळाजवळ बसवा. तोटी दुसऱ्या टोकाला हवी. ती बादलीकडे लावली तर पाणी सुरुवातीलाच ढवळते. सलाईनच्या सुईने नळीच्या तोंडात मधोमध पोटॅशियम परमँगनेटचे फिकट पाणी सोडा. दाट केले तर ते जड होऊन तळाला बसते. बादली भरल्यावर पाणी अर्धा तास स्थिर होऊ द्या, नाहीतर रेघ आधीच थरथरते.

तोटी हळूहळू उघडत एक लिटर भरायला लागणारा वेळ मोजा. पाणी २० अंश सेल्सिअस असेल तर साधारण ५३ सेकंदांपर्यंत जांभळी रेघ दोऱ्यासारखी सरळ राहते. त्याहून लवकर भरू लागले की ती आधी वळवळते, मग नळीभर विरते. उन्हाळ्यात तेच पाणी ४० अंशांवर गेले की श्यानता (वाहण्याला होणारा पाण्याचा अंतर्गत विरोध) तिसऱ्या हिश्श्याने घटते आणि रेघ ८० सेकंदांच्या आसपासच मोडू लागते. तापमान न लिहिलेली मोजमापाची वही म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

पाणी भरायच्या वेळेवरून प्रवाह मोजण्याचे हेच गणित संत्र्याच्या बागेतल्या ठिबक सिंचनाला लागू पडते. आतून १४ मिमीच्या लॅटरलवर (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीवर) तासाला ४ लिटरचे ५० ड्रिपर असतील, तर सुरुवातीला पाण्याचा वेग सेकंदाला ३६ सेंमी असतो आणि शेवटच्या ड्रिपरपाशी जेमतेम ७ मिमी. गाळ टोकालाच का बसतो, ते इथे कळते. एंड कॅप (नळीच्या टोकाचे झाकण) उघडल्यावर टोकातून मिनिटाला किमान २.८ लिटर पाणी आले, तरच गाळ धुण्यापुरता सेकंदाला ३० सेंमीचा वेग मिळतो. बादली आणि घड्याळ घेऊन नववीतली मुलगी गावातल्या दहा बागा तपासू शकते, आणि हे खरे संशोधन आहे.

तालुका विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोल आणि दिव्यांच्या माळांना गुण मिळतात, मोजमापाची वही कोणी उघडतही नाही. शिक्षण विभागाने यंदा निम्मे गुण त्या वहीला ठेवावेत. एका नोंदीसाठी किमान तीनदा मोजावे आणि फसलेली मोजमापेही खोडू नयेत, अशी अट घालावी.

— एक विज्ञान शिक्षक, जि. यवतमाळ