उड्या मारणारी पोरं आमच्या ओसरीवर काय बोलली

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

केरीच्या पठारावरच्या पॅराग्लायडिंगच्या अपघाताला 18 जानेवारी 2026 ला वर्ष झालं, त्या निमित्ताने तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आकाशात उडायचे, उड्या मारायचे हे सगळे खेळ सरसकट बंद करा, पैसा जास्त झालेल्या पोरांची मस्ती आहे, मरायची हौस आहे. त्यांचा राग मला कळतो. पुण्याहून फिरायला आलेली तरुण मुलगी आणि तिला घेऊन उडणारा पायलट, तोही पोरसवदाच, दोघंही गेले आणि मग बातम्यांत आलं की हा धंदा परवान्याशिवाय चालला होता. पेडण्यात आम्ही किती दिवस दुसरं काही बोलत नव्हतो. पण विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारणारी माणसं मी जवळून बघितलीत, चार दिवस आमच्या घरी जेवलीत ती, आणि मस्ती हा शब्द त्यांना लावला ते मला लागलं, म्हणून हे पत्र.

माझ्या भावाची मुलगी पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की स्कायडायव्हिंगला जाते, कधी हरियाणात नारनौलला, पैसे साठले तर थायलंडला. 2018 मध्ये शीतल महाजनांनी नऊवारी नेसून थायलंडला विमानातून उडी मारली, तो फोटो पेपरात आला तेव्हा हिने कापून कपाटाच्या दाराला लावलेला, तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं. 2004 ला ज्या बाईने आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, आणि 2023 ला एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून, ती पुण्याची, आपल्यासारखी मराठी बोलणारी, हे त्या वयात डोक्यात बसलं की बसलं. तर गेल्या चतुर्थीला म्हणजे 2025 च्या ऑगस्टमध्ये ही आपल्या चार मित्रमैत्रिणींना घेऊन आमच्या मूळ घरी आली, एक नाशिकची मुलगी, दोघे दिल्लीकडचे, आणि एक आर्मीतून रिटायर झालेले काका, त्यांच्याच हजाराच्या वर उड्या झालेल्या. मला सगळेच आत्या म्हणायला लागले.

घरात गणपती, बाहेर पाऊस, त्यामुळे रात्री जेवणं झाली की सगळे ओसरीवर आणि गप्पा एक-दीड वाजेपर्यंत. मला आधी वाटलं आता विमान, उंची, थरार असलंच काहीतरी चालेल, तर कसलं काय, म्हादई नदीचं पाणी, मोपा विमानतळावरची टॅक्सी, मराठीला राजभाषा करावी की नको, जून महिन्यात अहमदाबादला पडलेलं विमान, शिरगावच्या जत्रेतली चेंगराचेंगरी, सगळ्यात ही पोरं शिरली, भांडली सुद्धा. नाशिकची आणि दिल्लीचा एक तर भाषेवरून इतके तापले की माझ्या वहिनीने मध्ये नेवऱ्यांचं ताट नेऊन ठेवलं. आणि मध्येच कुणीतरी म्हणायचं, गोव्यात ड्रॉपझोन, म्हणजे उड्या मारायची जागा, का नाही हो, समुद्र दिसेल खाली, आणि मग ते काका समजावत बसले की आपल्याला आकाश रिकामं दिसतं पण ते तसं नसतं, दाभोळीचा विमानतळ नौदलाचा, तिथे आयएनएस हंसा हा त्यांचा तळ, वर 2023 पासून मोपा चालू झालं, दोन्हींची येणारी-जाणारी विमानं, त्यात माणसं खाली सोडायची म्हणजे प्रत्येक वेळी एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी हवी. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये हवाई खेळांचं राष्ट्रीय धोरण काढलंय, त्यात स्कायडायव्हिंग आहे, पॅराग्लायडिंग आहे, बलून आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं रोज पेपर वाचते मी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ही माणसं स्वतःच्या चुका सांगतात. न विचारता सांगतात, सगळ्यांसमोर सांगतात, आणि ऐकणारा हसत नाही की शिव्या देत नाही, तो लगेच विचारतो, मग किती फुटांवर कळलं तुला? वारा कुठून होता? माझ्या भाचीने सांगितलं की एकदा तिचं मेन पॅराशूट उघडलं पण दोऱ्यांना पीळ पडलेला, ती लाथा मारून पीळ सोडवत बसली आणि उंची बघायलाच विसरली, वर बघत राहिली, मनगटावरच्या मीटरकडे बघितलंच नाही. सुटला पीळ, उतरली नीट. तिच्या आईवडिलांनी हे कधी ऐकलं नव्हतं, भाऊ माझ्या शेजारीच बसलेला, त्याचा चेहरा मला बघवेना. पण ती थांबली नाही, सगळं सांगितलं, आणि ते काका एवढंच म्हणाले की अडीच हजार फुटांपर्यंत खाली यायच्या आधीच निर्णय झालाच पाहिजे, मेन तोडून दुसरं, रिझर्वचं पॅराशूट काढायचं की नाही, हे विमानात चढायच्या आधी दहा वेळा तोंडाने म्हणायचं. मग त्यांनी स्वतःची एक सांगितली, त्याहून वाईट, ती मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला सगळं सामान उघडून दाखवलं कारण पुढे ती थेट उडीलाच जाणार होती. पाठीवर एकच पिशवी दिसते पण आत दोन पॅराशूट. मेनची घडी ती स्वतः घालते, हॉलभर ते कापड पसरलं होतं, सोवळ्यातल्या माणसांना वाट नव्हती. दुसरं ते रिझर्व, त्याला तिने हात लावायचा नाही, ते शिकलेल्या माणसानेच भरायचं, त्याला रिगर म्हणतात, ठराविक महिन्यांनी उघडून परत भरायचं आणि कार्डावर सही करायची. आणि त्याच्या पिनेवर लाल दोरा बांधलेला असतो, शेवटाला शिशाची चपटी गोटी, मटाराच्या दाण्याएवढी, त्यावर त्या रिगरचा शिक्का. दोरा तुटलेला दिसला तर उडी नाही. मी बोट लावून बघितलं, आपण हातात बांधतो तसलाच बारीक लाल दोरा. शिवाय आत एक छोटं यंत्र असतं, माणूस बेशुद्ध पडला, काही सुचलं नाही, तरी साधारण साडेसातशे फुटांवर ते स्वतःच रिझर्व उघडतं, 1991 पासून आहे म्हणे हे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हीच पोरं माटोळी, गणपतीच्या वर फळाफुलांची बांधतात ती, बांधायला लागलेली. सुपारीचे घोस, तवशी, आंबाडे, नारळ, भाऊ एकेक वर देत होता आणि तो दिल्लीचा मुलगा स्टुलावर उभा राहून केवणीच्या दोराने बांधत होता, आयुष्यात पहिल्यांदा. आणि प्रत्येक गाठीला नाशिकची मुलगी मागून हात लावून ओढून बघत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी विचारलं तर म्हणाली, आत्या सवय आहे, आमच्यात एकाने बांधलं की दुसऱ्याने बघायचंच, अंगावर चढवताना एकदा, विमानात बसायच्या आधी एकदा, दार उघडायच्या आधी एकदा. आणि काल आलेल्या नवशिक्याने जरी हजार उड्यावाल्याला सांगितलं की तुझा पट्टा सैल दिसतोय तर त्याने थँक्यू म्हणायचं, चिडायचं नाही.

त्या आधीच्या महिन्यात तो फेलिक्स बाउमगार्टनर गेला, ज्याने 2012 मध्ये 39 किलोमीटरवरून उडी मारली होती, आवाजापेक्षा जास्त वेगाने खाली आला होता. गेला तो इटलीत, साध्या मोटरवाल्या पॅराग्लायडरवर. त्यावर एक अख्खी रात्र गेली. कुणी म्हटलं नाही की नशीब. अहमदाबादच्या अपघाताचंही तसंच, 260 माणसं गेली, बरोबर एका महिन्यात प्राथमिक अहवाल आला पंधरा पानांचा, तो यातल्या दोघांनी पूर्ण वाचलेला होता, आणि टीव्हीवर लगेच पायलटला गुन्हेगार ठरवणाऱ्यांवर ते काका चिडले होते, म्हणाले तपास कोण दोषी हे बघायला नसतो, परत होऊ नये म्हणून असतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात या खेळात दरवर्षी सरासरी चाळीसच्या वर माणसं मरायची, 2023 मध्ये छत्तीस लाखांवर उड्या झाल्या आणि 10 जण गेले. दहाही जास्तच, ज्याच्या घरातला गेला त्याला विचारा. पण हा आकडा खाली आला त्यात सामान सुधारलं हे जसं आहे तसं हेही आहे की तिथली संघटना अपघातांची हकीकत वर्षानुवर्षं छापत आली, कोण होता हे सांगत नाही, काय झालं ते सांगते. आणि त्यातून असं लक्षात आलं की पॅराशूट न उघडून मरणारे आता थोडे, चांगलं उघडलेलं पॅराशूट जमिनीजवळ जोरात वळवून आपटणारे बरेच. मग तेच जास्त शिकवायला लागले.

आता माझं. हे मी त्याच ओसरीवर पहिल्यांदा सांगितलं, अकरा वर्षांनी.

मी शाळेत शिक्षिका होते. सातवीच्या मुलांना घेऊन सहलीला गेलो होतो, किनाऱ्यावर बोटीची फेरी, कुठला किनारा आणि कोणाची बोट ते सांगत नाही. मुलांना लाइफ जॅकेट दिली. एका मुलीच्या जॅकेटचं बकल तुटलेलं होतं, आणि तिथे नायलॉनची सुतळी बांधलेली, एकच गाठ, ओढली तर सुटेल अशी. मी बघितलं. बोटवाल्याला म्हटलं की दुसरं द्या, तो म्हणाला बाई, काय होत नाही, रोज शंभर माणसं जातात. मागे रांग, मुलं ओरडतायत, मुख्याध्यापक हात करतायत चला चला, आणि मी गप्प बसले. बोट गेली, आली, कुणाला काही झालं नाही. म्हणून विषयच संपला, मी कुणाकडे तोंड उघडलं नाही, ना शाळेत ना घरी, कारण सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की मी बघून गप्प बसले. पोरं ऐकत होती, आणि ते काका म्हणाले, ताई, हाच अपघात आहे, फक्त त्या दिवशी माणूस पाण्यात पडला नाही. मला रात्रभर झोप नाही आली.

म्हणून त्या वाचकांना माझी विनंती आहे की बंद करा म्हणण्याआधी हे बघा. परवाना नसलेलं बंद झालंच पाहिजे, त्यात मी त्यांच्या पुढे उभी राहीन. पण डिसेंबरमध्ये हडफड्याला नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली, त्यात कुणी उडी मारायला गेलं नव्हतं, कोणी स्वयंपाकघरात काम करत होतं, कोणी नाचायला गेलं होतं. धोका उंचीत असता तर सोपं होतं. तिथेही कुणीतरी आधी बघितलं असेलच की बाहेर पडायची वाट अपुरी आहे, कुणालातरी खटकलं असेल, आणि तोही माझ्यासारखाच गप्प बसला असेल, हे सारखं माझ्या मनात येतं.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा एक छोटी जागा द्या, जिथे लोक लिहितील की काय होता होता वाचलं. नाव नको, धंद्याचं नाव नको, फक्त काय दिसलं आणि काय करायला हवं होतं. बोट, जत्रा, शाळेची बस, गणपतीच्या मंडपाची वायर, घरचा गॅस, काहीही. चौकश्या होतात, अहवाल येतात, पण आमच्या गावात चहाच्या टेबलापर्यंत त्यातलं एक पान पोचलेलं मी बघितलं नाही, मराठीत तर नाहीच. डिसेंबरमध्ये भाचीने मला ऑस्ट्रेलियातला व्हिडिओ पाठवला, विमानाच्या दारातून बाहेर पडताना एकाचं रिझर्वचं हँडल पंखाच्या फ्लॅपला अडकलं, पॅराशूट उघडलं आणि तो विमानाच्या शेपटीला लटकला, जवळच्या छोट्या सुरीने दोऱ्या कापून सुटला आणि वाचला. सप्टेंबरची गोष्ट, तिथल्या सरकारी तपास यंत्रणेने डिसेंबरला व्हिडिओसकट जगासमोर ठेवली. खाली भाचीची एक ओळ होती, आत्या, आता मी हँडलवर हात ठेवून बाहेर पडते.

जागा दिलीत तर पहिलं पत्र माझंच, वर लिहिलंय तेच छापा. त्या मुलीला मी गेल्या महिन्यात शोधून काढलं, आता मांद्र्याला दिलीय, मांडीवर लहान मूल आहे. तिला ती सुतळी आठवतच नव्हती. म्हणाली बाई, तुम्ही सगळा वेळ माझ्या जॅकेटची मागची बाजू मुठीत धरून बसला होतात, मला वाटायचं तुम्हालाच पाण्याची भीती वाटते. मग मी तिला सगळं सांगितलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पेडणे