बंद खोलीतला शॉवर आणि कोमट पाणी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी आम्ही नवी मुंबईतल्या एका हॉटेलात दोन रात्री उतरलो होतो. खोलीत शिरल्या शिरल्या थोरले बंधू आंघोळीला निघाले. मी त्यांना दारातच थांबवलं. हॉटेलांच्या मेंटेनन्स खात्यात माझी २२ वर्षं गेली. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचं पाणी मला लगेच ओळखू येतं. नळ सोडला तर आधी फसफसून हवा आली, मग फिक्या चहाच्या रंगाचं पाणी. शॉवरच्या जाळीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागला. गरम पाण्याचा नळ पाच मिनिटं सोडून खाली मनगट धरलं, तरी पाणी कोमटच.

हा कोमटपणाच घातक आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात फोफावतात. ६० अंशांना ते मरतात. पाण्याच्या फवाऱ्यातले बारीक तुषार श्वासावाटे छातीत गेले की गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे पसरलेल्या याच न्यूमोनियाच्या साथीत ३४ माणसं गेली. जिवाणू सापडायला पुढचं वर्ष उजाडलं.

आपल्याकडे उन्हाळ्यात तर थंड नळाचं पाणीही सुरक्षित राहत नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी शुद्ध होऊन येतं, पण गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलं की त्यातला क्लोरीन उडतो आणि पाणी सहज तिशी ओलांडतं. त्यात इंधन वाचवायला बॉयलर ४५ वर ठेवायचा, ही सवय मी स्वतः पाहिली आहे. बाथटब काढतात आणि त्याची पाण्याची लाईन तोंडाला बूच (एंड कॅप) मारून भिंतीत तशीच सोडून देतात. त्या तुकड्यातलं पाणी वर्षानुवर्षं हलत नाही. गिऱ्हाईक कमी असलं की अख्खा मजला बंद ठेवतात आणि वऱ्हाड आलं की एका दिवसात उघडतात. चादरी बदलतात, पाण्याकडे कोणी बघत नाही.

मी तिथल्या मुलाकडे तापमानाचं रजिस्टर मागितलं. तो म्हणाला, "काका, टाकी तर आम्ही धुतोच की." त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नाही. बंधूंना काही झालं नाही आणि कोणी आजारी पडल्याचं माझ्या कानावर नाही. पण ते ६८ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे. वय झालेल्या, सिगारेट ओढणाऱ्या, फुप्फुसं अशक्त असलेल्या माणसांनाच हा आजार जास्त गाठतो, आणि लग्नाच्या वऱ्हाडात अशी माणसं असतातच.

उपाय महागडे नाहीत. गरम पाण्याच्या टाकीत ६० अंश, नळापर्यंत किमान ५० अंश. भाजण्याची भीती असेल तर नळापाशी गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा मिक्सर व्हॉल्व्ह बसवावा. बंद खोलीतले सगळे नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडावेत. शॉवरचं तोंड बादलीत बुडवून, म्हणजे सोडणाऱ्याच्या छातीत तुषार जात नाहीत. जाळ्या काढून त्यांवरचे क्षार घासावेत. वापरात नसलेली लाईन मुळापासून कापावी. गच्चीवर एसीचे कूलिंग टॉवर असतील तर त्यांचीही निगा राखावी.

वाचकांनाही एक सांगणं आहे. हॉटेलात राहून आल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप सुरू झाली तर डॉक्टरांना मुक्कामाचं आवर्जून सांगा. या न्यूमोनियावर पेनिसिलिनच्या जातीची औषधं चालत नाहीत, वेगळी प्रतिजैविकं लागतात आणि लघवीच्या चाचणीतून निदानाला मदत होते.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना विनंती, की हॉटेलांची तपासणी करताना अग्निशमनाच्या कागदांसोबत गरम पाण्याच्या तापमानाचं आणि नळ सोडल्याचं रजिस्टरही मागावं. ते कसं ठेवायचं हे शिकायचं असेल, तर कळव्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही हॉटेलातल्या मुलांना मी विनामूल्य शिकवायला येईन. थर्मामीटर माझा स्वतःचा आणेन.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर,
कळवा (ठाणे)